आतली हार्ड डिस्क बाहेरून जोडताना: वाचकांचे प्रश्न

बंद पडलेल्या लॅपटॉपमधून किंवा जुन्या डेस्कटॉपमधून काढलेली डिस्क बाहेरून वापरण्याविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत विंडोज १० आणि ११ धरले आहे. मॅकचा उल्लेख गरजेपुरता येईल.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. आतली ५०० जीबीची हार्ड डिस्क चांगली आहे असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. नव्या लॅपटॉपला ती पेन ड्राइव्हसारखी जोडता येईल का? त्यासाठी काय घ्यावे लागेल?

उत्तर: जोडता येईल. २.५ इंची साटा (संगणकातल्या डिस्कची हल्लीची जोडणी) डिस्कसाठीचे यूएसबी ३.० केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायचा डबा, घ्या. मात्र घेण्याआधी डिस्क हातात धरून नीट बघा.

आधी कनेक्टर. साटा डिस्कच्या एका कडेला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या दोन चपट्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. लहान पट्टी ७ पिनांची, डेटासाठी. मोठी १५ पिनांची, विजेसाठी. त्याऐवजी सुयांसारख्या बारीक पिनांच्या दोन रांगा दिसल्या, तर ती जुनी आयडीई डिस्क. तिला ४४ पिनांचे वेगळे केसिंग लागते.

मग जाडी मोजा. लॅपटॉपच्या बहुतेक डिस्क ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असतात. १२.५ आणि १५ मिलिमीटरच्याही असतात, पण त्या साध्या केसिंगमध्ये मावत नाहीत. ९.५च्या केसिंगमध्ये ७ची डिस्क बसते, फक्त थोडी हलते. केसिंगसोबत फोमचा पातळ तुकडा येतो तो याचसाठी, तो फेकून देऊ नका.

डिस्क काढण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी दोन्ही सोडवा. बॅटरी आत बसवलेली असेल, तर तिचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढा. डिस्क सहसा पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी आवळलेली असते. ती चौकट सोडवा. काही लॅपटॉपमध्ये डिस्कच्या टोकाला आणखी एक छोटा जोड-कनेक्टर खोचलेला असतो आणि तो डिस्कचाच भाग वाटतो. दोन्ही बाजूंनी धरून सरळ ओढला की खाली खरा साटा कनेक्टर दिसतो. हा तुकडा तसाच राहिला की केसिंग बसत नाही आणि खापर मात्र केसिंगवर फुटते.

केसिंगमध्ये डिस्क सपाट ठेवून सरळ सरकवा. तिरकी घालून मग दाबली, तर साटाच्या खाचेतली प्लास्टिकची जीभ तुटते. धरताना कडांना धरा, सर्किटला बोट लावू नका. लेबलच्या आसपास एक बारीक छिद्र असते, त्यावर टेप किंवा स्टिकर लावू नका. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेले असते.

आता विजेचा हिशेब. २.५ इंची डिस्कला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतूनच मिळतात. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिॲम्पिअर आणि ३.०ने ९०० मिलिॲम्पिअर द्यावेत असा नियम आहे. चालू डिस्कला एवढे पुरते. पण थांबलेल्या चकत्या फिरायला लागतात तेव्हा काही क्षण एक ॲम्पिअरच्या आसपास विजेची गरज असते. डिस्क टिक करून थांबते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा थांबते, असे झाले तर ती खराब आहे असे लगेच धरू नका. आधी मधला हब काढा, केबल थेट लॅपटॉपला लावा, लांब केबल बदलून अर्ध्या मीटरच्या आतली घ्या. जुन्या लॅपटॉपला यूएसबी २.०च असेल, तर दोन पोर्टांतून वीज घेणारी वाय केबल वापरा.

प्रश्न: डेस्कटॉपची ३.५ इंची डिस्क आहे. साटा-टू-यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडली, पण काहीच होत नाही. दिवा लागतो, डिस्क फिरत नाही.

उत्तर: ती फिरणारच नाही. ३.५ इंची डिस्कच्या लेबलवर दोन व्होल्टेज छापलेली असतात, ५ आणि १२. सर्किट ५ व्होल्टवर चालते आणि चकत्या फिरवणारी मोटर १२ व्होल्टवर. यूएसबीच्या साध्या केबलमधून १२ व्होल्ट येतच नाहीत. दिवा लागतो तो केबलमधल्या सर्किटचा.

भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा ॲडॉप्टर असलेले केसिंग किंवा डॉक घ्या. ॲडॉप्टर १२ व्होल्ट, निदान २ ॲम्पिअरचा असावा, कारण मोटर सुरू होताना जवळपास तेवढा भार पडतो. घरातल्या दुसऱ्या कुठल्या उपकरणाचा ॲडॉप्टर पिन जुळते म्हणून लावायचा मोह आवरा. १९ व्होल्टचा लागला तर डिस्कचे सर्किट क्षणात जळेल.

आधी ॲडॉप्टर चालू करा, फिरण्याचा आवाज स्थिर होऊ द्या आणि मग यूएसबी जोडा. उघड्या डॉकमध्ये डिस्क उभी असते. कामाच्या टेबलावर तिला कोपर लागणार असेल तर झाकणाचे केसिंगच बरे.

प्रश्न: डिस्क जोडली तर विंडोज विचारते, ‘इनिशिअलाइझ करू का?’ दुसऱ्या एका डिस्कला ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे म्हणते. दोन्हींवर फोटो आहेत. काय करू?

उत्तर: दोन्ही ठिकाणी ‘कॅन्सल’ दाबा. आतला डेटा हवा आहे तोपर्यंत दुसरे कुठलेही बटण तुमच्या कामाचे नाही. हे दोन संदेश दिसायला सारखे असले तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. तुमची डिस्क क्षमतेवरून ओळखा. ५०० जीबीची तिथे साधारण ४६५ आणि १ टीबीची ९३१ दिसते. कारखाना हजाराने भागतो आणि विंडोज १०२४ने, एवढाच फरक. चोरीला काही गेलेले नाही.

भाग नीट दिसत आहेत, निळी पट्टीही आहे, फक्त ड्राइव्हचे अक्षर नाही, असे असेल तर काम सोपे. त्या भागावर राइट क्लिक करून अक्षर द्या. ‘फॉरेन’ असे लिहिले असेल, तर डिस्क जुन्या संगणकात डायनॅमिक (एक भाग अनेक डिस्कांवर पसरू देणाऱ्या) पद्धतीने वापरलेली आहे. राइट क्लिकमधून ती आयात करता येते. मात्र डायनॅमिक रचना अनेक डिस्कांवर पसरलेली असेल, तर त्या सगळ्या एकदम जोडाव्या लागतात.

‘इनिशिअलाइझ’ विचारले जाते तेव्हा विंडोजला डिस्कच्या सुरुवातीचा विभागणीचा तक्ताच वाचता आलेला नसतो. अशा वेळी दाखवलेल्या क्षमतेकडे बघा. आकडा शून्य किंवा भलताच असेल, तर गडबड वीज, केबल किंवा केसिंगच्या चिपमध्ये असण्याची शक्यता मोठी. दुसरी केबल आणि दुसरे केसिंग लावून पाहा.

क्षमता बरोबर आहे पण भाग ‘रॉ’, म्हणजे आतली मांडणी न ओळखलेला, दिसतो, याचे एक कारण फार कमी जणांना ठाऊक असते. काही केसिंग, विशेषतः २ टीबीच्या वरच्या डिस्कसाठी केलेली, संगणकाला ५१२ बाइटांच्या सेक्टरऐवजी (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा मोजणीचा एक तुकडा) ४०९६ बाइटांचे सेक्टर दाखवतात. जीपीटी या विभागणीच्या नव्या पद्धतीत मुख्य तक्ता पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे शून्यानंतरच्या सेक्टरपासून, सुरू होतो. सेक्टर ५१२चा असेल तर तो ५१२व्या बाइटवर सापडतो. केसिंगने सेक्टर ४०९६चा सांगितला की विंडोज तोच तक्ता ४०९६व्या बाइटवर शोधते आणि तिथे भलतेच काही असते. डेटा जागच्या जागी असतो, बघणारा चुकीच्या पानावर असतो. अशी डिस्क थेट डेस्कटॉपच्या साटा पोर्टला लावली की सगळे दिसते. उलटही घडते. एका केसिंगमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क काढून दुसऱ्यात घातली तर ‘रॉ’ दिसते, आणि मूळ केसिंगमध्ये परत घातली की उघडते. त्यामुळे डेटा परत मिळवायची सॉफ्टवेअर चालवण्याआधी केसिंग बदलून पाहा.

राहिले कुलूप. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये डिस्कचे एन्क्रिप्शन तुम्हाला न विचारताही चालू झालेले असू शकते. त्याची किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहते, म्हणून बाहेर काढलेली डिस्क बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या या एन्क्रिप्शनची, ४८ अंकी रिकव्हरी की मागते. हे अंक सहा-सहाच्या आठ गटांत असतात. जुन्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॉग-इन होत होते, त्या खात्यात ही की बहुधा जपलेली असते. ती कुठेच नसेल तर डेटा मिळण्याचा मार्ग नाही. मिळवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न: डिस्क उघडते, पण जुन्या वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केले की परवानगी नाही असे येते. पासवर्ड तर मला माहीत आहे.

उत्तर: इथे पासवर्डचा उपयोग नाही. एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) डिस्कवर फोल्डरचा मालक नावाने नोंदलेला नसतो, एका लांबलचक ओळख क्रमांकाने नोंदलेला असतो. नव्या लॅपटॉपवर त्याच नावाचे खाते उघडले तरी क्रमांक वेगळाच असतो. संदेशातले ‘कंटिन्यू’ दाबा. हजारो फाइलींवर परवानगी लिहायची असल्याने पट्टी दहा-पंधरा मिनिटेही सरकत राहील, मध्ये केबल काढू नका. तेवढ्याने उघडले नाही, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड आणि मग ओनरसमोर चेंज असे जाऊन आपले खाते निवडा. खालच्या सगळ्या फोल्डरांनाही तोच मालक लागू करण्याची चौकट खूण करून घ्या.

फोटोंची नावे दिसतात पण फाइल उघडत नाही, असे झाले तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ ऑन डिस्क’ बघा. तिथे शून्य असेल, तर डिस्कवर फक्त नावाची पाटी आहे आणि मूळ फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, आहे. जुन्या खात्याने वनड्राइव्हमध्ये लॉग-इन करून ती उतरवून घ्या. ‘फोटो वनड्राइव्हवर असतीलच’ असे न बघताच समजून डिस्क फेकणारे आणि फोटो नसतानाही डिस्क सांभाळणारे, दोघेही इथेच फसतात.

प्रश्न: ३ टीबीची डिस्क जुन्या केसिंगमध्ये घातली तर ७४६ जीबीच दिसते. बाकीची जागा कुठे गेली?

उत्तर: डिस्क ठीक आहे, केसिंग जुने आहे. त्यातली चिप सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिते. ५१२ बाइटांच्या सेक्टरने ही मोजणी सुमारे २.२ टीबीला संपते आणि पुन्हा शून्यावर येते, गाडीच्या मीटरसारखी. वरचे उरलेले तेवढे दिसते, तेच हे ७४६. अशा अवस्थेत डिस्कवर काहीही लिहू नका. नवे केसिंग घ्या आणि डिस्क रिकामी असेल तर जुन्या एमबीआर पद्धतीऐवजी जीपीटी निवडा.

प्रश्न: डेटा काढून घेतला. आता डिस्क स्वच्छ करून बॅकअपसाठी ठेवायची आहे. पण काही भाग डिलीटच होत नाहीत. आणि फॉरमॅट कोणता निवडू? घरात एक मॅकही आहे.

उत्तर: डिलीट न होणारे भाग म्हणजे जुन्या विंडोजचे बूट आणि रिकव्हरीचे भाग. डिस्क मॅनेजमेंट त्यांना हात लावू देत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिस्कपार्ट चालवा. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, मग क्लीन, या क्रमाने आज्ञा द्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या). क्लीन पुन्हा विचारत नाही. क्रमांक चुकला तर दुसरी डिस्क डोळ्यांदेखत रिकामी होते. म्हणून बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्क आधी काढून ठेवा, आणि निवडल्यावर पुन्हा एकदा लिस्ट डिस्क देऊन चांदणीची खूण योग्य ओळीसमोर आहे ना ते बघा. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटीने इनिशिअलाइझ करा आणि नवा भाग तयार करा.

फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. ते बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी सावरते. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे लिहायचे असेल तर एक्सफॅट घ्यावे लागते. त्यात ती नोंदवही नसते, म्हणून लिहिणे चालू असताना केबल ओढलेली त्याला सोसत नाही. शिवाय मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटचे खण (फाइलीला जागा देण्याचे किमान माप) १२८ केबीचे करते. २ केबीच्या दहा हजार फाइली एनटीएफएसच्या ४ केबीच्या खणांत ४० एमबी घेतात, एक्सफॅटवर त्याच सव्वा जीबीच्या आसपास जातात. व्हिडिओ आणि फोटोंना याने फरक पडत नाही. फॅट३२ मात्र विसरा, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही.

एकदा फुल फॉरमॅट करा, क्विक नको. सगळे सेक्टर तपासले जातात. १ टीबीला यूएसबी ३.०वर तीन तासांच्या आसपास लागतात. आठ तास लागणार असे दिसले तर डिस्क यूएसबी २.०च्या वेगाने जोडली गेली आहे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न: निळा पोर्ट आहे, केसिंग ३.०चे आहे, तरी कॉपीचा वेग ३५ एमबीच्या वर जात नाही. आणि डिस्क जोडली की वायरलेस माऊस अडखळतो!

उत्तर: ३५ हा यूएसबी २.०चा खरा वेग आहे. ३.०च्या प्लगमध्ये जुन्या चार पट्ट्या टोकाशी आणि नव्या पाच आतल्या बाजूला असतात. प्लग हळूहळू सरकवला तर आधी जुन्या चार टेकतात आणि जोडणी २.०चीच ठरते. केबल काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला. तरीही फरक पडला नाही तर केबल बदला.

सुरुवातीला १०० एमबीने जाते आणि वीस-तीस जीबीनंतर एकदम १५-२०वर येते, असे असेल तर गोष्ट वेगळी आहे. काही डिस्कांवर डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर त्यावरची सगळी उचलून पुन्हा बसवावी लागतात. डिस्क आधी एका राखीव जागेत भराभर लिहून घेते आणि ती भरली की ही उचलठेव सुरू होते. ही डिस्क बॅकअपला चालते, रोजच्या धावपळीच्या कामाला कंटाळा आणते.

माऊसचे म्हणाल तर यूएसबी ३.०च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि माऊसही तिथेच बोलत असतो. माऊसचा रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा.

प्रश्न: एम.२ एसएसडीसाठी केसिंग घेतले. एसएसडी व्यवस्थित बसली, पण लॅपटॉपला दिसतच नाही.

उत्तर: एसएसडी म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आणि एम.२ हा तिचा फक्त आकार आहे. त्या आकारात साटाच्याही एसएसडी येतात आणि एनव्हीएमई या वेगळ्या, जास्त वेगवान जोडणीच्याही. एका प्रकारचे केसिंग दुसऱ्याला चालत नाही, मग बसो वा न बसो. साटाला सहसा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक, पण याला अपवाद आहेत. लेबलवर काय छापले आहे ते वाचा. दोन्हींना चालणारी केसिंगही मिळतात, खोक्यावर तसे स्पष्ट लिहिलेले हवे. लांबी २२८०, २२४२ किंवा २२३० अशी लिहिलेली असते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि पुढचे आकडे लांबीचे.

एनव्हीएमई एसएसडी चांगलीच तापते आणि तापली की स्वतःच वेग कमी करते. सोबत आलेला उष्णता वाहणारा पॅड लावताना त्याच्या दोन्ही बाजूंचे पातळ प्लास्टिक सोला. एकाच बाजूचे काढून पॅड लावला जातो आणि मग केसिंग थंड, एसएसडी गरम, असा प्रकार होतो.

प्रश्न: पाच-सहा वर्षे वापरलेल्या डिस्कवर बॅकअप ठेवणे योग्य आहे का?

उत्तर: एकमेव प्रत म्हणून नाही. दुसरी किंवा तिसरी प्रत म्हणून चालेल, पण आधी तिची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर केसिंगमधूनही स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) वाचते, मात्र केसिंगच्या चिपने त्या पुढे पोहोचवायला हव्यात. त्यातली ०५ क्रमांकाची नोंद म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्याने संशयित ठरलेले. ०५चा आकडा छोटा आणि महिनोन्महिने तेवढाच असेल तर फार घाबरू नका. सी५ शून्य नसेल, किंवा दोन्हींपैकी कुठलाही वाढत असेल, तर डेटा त्याच दिवशी दुसरीकडे हलवा. सी७ वाढत असेल तर डिस्कऐवजी जोडणीवर संशय घ्या. एक बारकावा असा की मूळ आकडे त्यात सोळाच्या पाढ्याने दाखवलेले असतात, म्हणजे १० दिसले तर ते सोळा.

सेक्टर बिघडू लागलेल्या डिस्कवर विंडोजचे चेकडिस्क चालवू नका. ते डिस्क दुरुस्त करत नाही, फायलींची मांडणी जुळवते. त्या खटाटोपात अर्धवट फायली कापते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास फिरवते. आधी संपूर्ण डिस्कची नक्कल घ्या. लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू चांगले भाग आधी उचलते आणि हट्टी सेक्टर शेवटी ठेवते. केसिंग, केबल, पोर्ट बदलूनही डिस्क ठराविक तालात खटखटत राहिली, तर चकतीवरून डेटा वाचणारे हेडच बहुधा गेले आहे. वीज बंद करा. प्रत्येक नव्या प्रयत्नात चकतीवर ओरखडे वाढतात.

प्रश्न: जुन्या डिस्कवर विंडोज आहे. यूएसबीवरून तेच सुरू करता येईल का?

उत्तर: सहसा नाही. साध्या पद्धतीने बसवलेले विंडोज यूएसबीवरून बूट व्हायला तयार केलेले नसते, बहुधा निळा पडदा येऊन थांबते. सॉफ्टवेअर नव्याने टाकणेच कमी कटकटीचे.

प्रश्न: काढताना ‘डिव्हाइस वापरात आहे’ असे येते. तशीच काढली तर?

उत्तर: विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ आपोआप निवडलेले असते, म्हणून कॉपी संपल्यावर काढली तर फाइल बहुधा वाचते. पण फिरत्या डिस्कला फाइलपेक्षा हालचालीचा धोका मोठा असतो. चालू असताना हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. उघड्या खिडक्या आणि त्या डिस्कवरची फाइल उघडलेले प्रोग्रॅम बंद करा. तरी सोडत नसेल तर लॅपटॉपच शट डाउन करा. केबल काढल्यावर डिस्क लगेच उचलू नका. केसिंगवर तळहात ठेवला तर चकत्यांची थरथर जाणवते. ती थांबायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तोवर ती टेबलावरच असू द्या.